हेग्गोडूचा प्रेक्षक

भारतातील फिल्म सोसायटी चळवळीचा इतिहास बहुतेक वेळा शहरांच्या नावांनी सांगितला जातो. कोलकाता, पाटणा, दिल्ली, मुंबई, तिरुवनंतपुरम अशी नावे येतात. त्यांच्याबरोबर काही थोर व्यक्ती येतात, काही परदेशी चित्रपटांची यादी येते आणि अखेरीस दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ आल्यावर ही चळवळ कशी ओसरली याची हळहळ येते. या कथनात कर्नाटकातील हेग्गोडू या खेड्याचा उल्लेख आलाच तर एक कौतुकास्पद अपवाद म्हणून, एखाद्या ओळीत येतो. प्रस्तुत लेखात हे खेडे मध्यभागी ठेवून चळवळीकडे पाहण्याचा प्रयत्न आहे. याचे कारण असे की, 'गंभीर' चित्रपटाचा प्रेक्षक कोण असू शकतो याविषयी या चळवळीने मनाशी एक गृहीतक बाळगले होते आणि त्याची खरीखुरी परीक्षा झाली ती या खेड्यात.

आधी पार्श्वभूमी. ५ ऑक्टोबर १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन महिन्यांच्या आत, सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी 'कलकत्ता फिल्म सोसायटी' स्थापन केली. आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन' हा त्यांनी दाखवलेला पहिला चित्रपट. पुढे १९४९ मध्ये झाँ रन्वार 'द रिव्हर'च्या तयारीसाठी बंगालमध्ये आले आणि या तरुणांना एका मोठ्या दिग्दर्शकाचा प्रत्यक्ष सहवास लाभला. जानेवारी १९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला आणि तेथून अन्य महानगरांत गेला. 'बायसिकल थीव्ज' आणि 'राशोमोन' हे चित्रपट अनेक भारतीयांनी प्रथम पाहिले ते या महोत्सवात. १९५५ मध्ये 'पथेर पांचाली' आला. १९५९ च्या डिसेंबरात देशातील मोजक्या सोसायट्यांनी एकत्र येऊन महासंघ स्थापन केला. राय त्याचे अध्यक्ष झाले, तर दासगुप्तांबरोबर सहसचिवपदाची धुरा सांभाळली ती विजया मुळे यांनी. मुंबईत जन्मलेल्या विजयाबाईंनी पाटण्यात फिल्म सोसायटी उभारण्यात पुढाकार घेतला होता आणि दिल्लीतही त्यांचे काम होते. 'एक, अनेक और एकता' हा १९७४ चा छोटा अनुबोधपट ज्यांच्या लहानपणाचा भाग आहे, त्यांतील फार थोड्यांना त्याच्या निर्मातीचे हे आधीचे कार्य ठाऊक असते.

या सोसायट्यांची कार्यपद्धती सर्वत्र साधारण सारखी होती. ठरावीक वर्गणी भरणारे सभासद, महिन्याकाठी दोन-तीन खेळ, भाड्याने घेतलेले सभागृह आणि चक्रमुद्रित किंवा छापील पत्रिका. १९५२ च्या चित्रपट कायद्यात केंद्र सरकारला सूट देण्याचा अधिकार असल्यामुळे, सभासदांपुरत्या या खेळांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची अट शिथिल होऊ शकत असे. चित्रपट मिळत ते मुख्यतः परदेशी दूतावासांकडून, विशेषतः पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, सोव्हिएत संघ आणि फ्रान्स यांच्या. आंजेय वायदा किंवा मिक्लोश यांचो ही नावे आपल्याकडे परिचित झाली ती याच मार्गाने. म्हणजे भारतीय रसिकाच्या अभिरुचीला आकार देण्यात शीतयुद्धाच्या सांस्कृतिक मुत्सद्देगिरीचाही वाटा होता, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही.

या व्यवस्थेला दोन बाजू होत्या. एकीकडे सिनेमा ही विचार करण्याजोगी कला आहे, हा संस्कार तिने केला. दुसरीकडे, न कापलेली दृश्ये पाहायला मिळावीत एवढ्याच हेतूने सभासद होणारेही काही थोडे नव्हते. विशेष म्हणजे, हे दोन्ही प्रकारचे प्रेक्षक एकाच वर्गातून येत. ते शहरी, सुशिक्षित आणि बहुधा इंग्रजी सबटायटल्स सहज वाचू शकणारे होते. पत्रिकांची भाषा इंग्रजी, चर्चेची भाषा इंग्रजी. मुंबईत १९६८ मध्ये स्थापन झालेल्या 'प्रभात चित्र मंडळा'ने मराठीत बोलणाऱ्या मध्यमवर्गाला या वर्तुळात आणले आणि 'रूपवाणी'सारखे मराठी नियतकालिक चालवले, हे त्याचे मोठेच काम. सुधीर नांदगावकरांसारख्या कार्यकर्त्याने त्यासाठी आयुष्य वेचले. तरीही वर्तुळ शहराचेच राहिले. खेड्यातल्या माणसाला चार्ली चॅप्लिन कळेल, पण बर्गमन किंवा कुरोसावा कसा कळावा, असा प्रश्न कोणी उघडपणे विचारत नसे. त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे असेच धरून चाललेले होते.

हेग्गोडू हे शिमोगा जिल्ह्याच्या सागर तालुक्यातले मलनाडमधील लहानसे गाव. भरपूर पाऊस, दाट झाडी, सुपारीच्या बागा. येथील तरुणांनी १९४९ मध्ये नीलकंठेश्वराच्या नावाने एक नाट्यसेवा संघ सुरू केला. कन्नडमधील त्याच्या आद्याक्षरांवरून त्याला 'नीनासम्' म्हणू लागले. या तरुणांत के. व्ही. सुब्बण्णा होते. त्यांचा जन्म १९३२ चा. म्हैसूरला उच्च शिक्षण घेऊन ते गावी परतले, वडिलोपार्जित सुपारीची बाग सांभाळू लागले आणि त्याबरोबरच 'अक्षर प्रकाशन' ही प्रकाशनसंस्था चालवू लागले. आधुनिक कन्नड साहित्यातील कितीतरी महत्त्वाची पुस्तके या खेड्यातून बाहेर पडली. १९७२ मध्ये गावात शिवराम कारंतांच्या नावाचे नाट्यगृह उभे राहिले आणि १९७३ मध्ये नीनासम्‌ने आपल्या शाखाविस्तारात आणखी एका गोष्टीची भर घातली. ती म्हणजे 'चित्रसमाज', अर्थात फिल्म सोसायटी.

येथे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. दूतावासांपासून आणि महानगरांपासून इतक्या दूर असलेल्या गावाला चित्रपट मिळणार कोठून? या प्रश्नाच्या उत्तरात पुण्याचा मोठा वाटा आहे. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पुढच्याच वर्षी तेथे रुजू झालेल्या पी. के. नायर यांनी ते अक्षरशः एकेक डबा गोळा करत उभे केले. चित्रपट केवळ जतन करावयाचा नसून तो दाखवावयाचा असतो, अशी नायर यांची धारणा होती. त्यामुळे फिल्म सोसायट्यांना आणि शैक्षणिक संस्थांना संग्रहालयाकडून प्रिंट दिल्या जात. या प्रिंट बहुधा १६ मिलिमीटरच्या असत. हा तपशील किरकोळ वाटला तरी निर्णायक आहे. ३५ मिलिमीटरला चित्रपटगृह, वजनदार यंत्रे आणि स्वतंत्र यंत्रकक्ष लागतो. १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर मात्र एका माणसाला उचलून नेता येतो आणि शाळेच्या खोलीतही चालवता येतो. पत्र्याच्या डब्यांतून रिळे यायची आणि खेळ झाला की परत जायची. जागतिक सिनेमा खेड्यात पोहोचला तो या हलक्या यंत्राच्या खांद्यावरून.

रिळांबरोबर पुण्याहून आणखी एक गोष्ट हेग्गोडूत आली. सतीश बहादूर यांची अध्यापनपद्धती ती. आग्र्यात अध्यापक असताना फिल्म सोसायटी चालवणारे बहादूर १९६३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आले, ते मारी सीटन या आयझेनस्टाइनच्या चरित्रकर्तीच्या शिफारशीमुळे. 'पथेर पांचाली'सारखा चित्रपट तुकड्यातुकड्यांनी पुनःपुन्हा दाखवायचा, एखादे दृश्य कोठे सुरू होते, कोठे तुटते, आवाज चित्राच्या आधी येतो की मागून, हे विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्यायचे, अशी त्यांची रीत. या अध्यापनाला मराठीत 'चित्रपट रसास्वाद' हे नाव रूढ झाले आणि ते अर्थपूर्ण आहे. साहित्याच्या अभ्यासकाला येथे अभिनवगुप्ताची आठवण व्हावी. त्याने सहृदयाचे जे लक्षण सांगितले आहे, त्यात काव्याच्या सततच्या परिशीलनाने मनाचा आरसा स्वच्छ होण्याची अट आहे. म्हणजे सहृदयता ही जन्माने लाभलेली मिरास नाही. ती अभ्यासाने येते. अभ्यासाने येत असेल तर ती सुपारीच्या बागेत राबणाऱ्यालाही येऊ शकते. आपल्या काव्यशास्त्रातला हा विचार आपण वर्गात शिकवतो, पण त्यातून निघणारा हा लोकशाहीवादी निष्कर्ष सहसा काढत नाही. हेग्गोडूत तो प्रत्यक्षात उतरला.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात नीनासम्‌ने गावात अभिजात चित्रपटांचे महोत्सव भरवले. 'बायसिकल थीव्ज', 'राशोमोन', 'पथेर पांचाली' यांसारखे चित्रपट गावातील आणि पंचक्रोशीतील माणसांनी पाहिले. यांतील अनेकांना इंग्रजी येत नव्हते. इटालियन संवाद आणि त्याखालचे इंग्रजी शब्द, दोन्ही त्यांच्या दृष्टीने सारखेच परके. शहरी सभासदाच्या हाती असलेली सबटायटल्सची शिडी येथे निरुपयोगी होती. तेव्हा नीनासम्‌ने तिच्या जागी कन्नड आणले. चित्रपटाची ओळख कन्नडमध्ये, कथेचा गाभा कन्नडमध्ये आणि नंतरची चर्चाही कन्नडमध्ये. सुब्बण्णांना हे सुचले यात नवल नाही, कारण प्रकाशक आणि अनुवादक म्हणून ते वर्षानुवर्षे हेच करत आले होते. परके साहित्य आपल्या भाषेतून गेल्याशिवाय आपले होत नाही, हे त्यांना ठाऊक होते. आपल्या भाषेत आलेले साहित्य आपल्या भाषेलाही मोठे करते, हेही ठाऊक होते.

अशा प्रेक्षकाला चित्रपटात काय दिसले असेल, याचा विचार करू. 'बायसिकल थीव्ज'मधल्या अंतोनिओला भिंतीवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते, त्या कामासाठी सायकल लागते आणि ती पहिल्याच दिवशी चोरीला जाते. अखेरीस तो स्वतः सायकल चोरायला जातो, पकडला जातो आणि मुलगा त्याचा हात हातात घेतो. युद्धोत्तर इटली किंवा नववास्तववाद यांविषयी काही माहिती नसली तरी सायकल गेली म्हणजे रोजगार गेला, हे समीकरण ज्याच्या जगण्यात आहे, त्याला हा चित्रपट समजावून सांगण्याची गरज नसते. डी सिकाने प्रमुख भूमिकेसाठी कारखान्यातला कामगार घेतला होता. त्याच्या चालण्यातला थकवा ओळखणारे डोळे मुंबईच्या सभागृहात अधिक असतील की हेग्गोडूत, असा प्रश्न विचारला पाहिजे.

'राशोमोन'चे प्रकरण याहून उद्बोधक आहे. एक खून, त्याच्या चार हकिकती, प्रत्येक हकिकत वेगळी आणि कोणतीही एक पुरती खरी नाही. आपल्या अभ्यासक्रमांत या रचनेला आधुनिकतावादाचे लेणे मानले जाते आणि म्हणून ती सामान्यांच्या आवाक्याबाहेरची समजली जाते. पण मलनाड आणि करावळी हा यक्षगानाचा प्रदेश. त्यातही 'ताळमद्दळे' हा प्रकार असा की, त्यात रंगभूषा नाही, वेशभूषा नाही, नृत्य नाही. कलावंत मांडी घालून बसतात, भागवत पद गातो आणि प्रत्येक जण आपापल्या पात्राची बाजू तेथल्या तेथे रचलेल्या गद्यात मांडतो. वालीचा वध धर्माने झाला की अधर्माने, कर्णाने काय करायला हवे होते, यावर रात्रभर वाद चालतो. रामाची बाजू ऐकताना राम पटतो, वालीची ऐकताना वाली. एकाच घटनेची परस्परविरोधी समर्थने ऐकून मनातल्या मनात न्याय करणे, ही सवय या श्रोत्याला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. 'राशोमोन'मध्ये साक्षीदार अंगणात बसून समोर पाहत बोलतात, प्रश्न विचारणारा दिसत नाही. न्यायाधीशाच्या जागी प्रेक्षकच असतो. ताळमद्दळेच्या श्रोत्याला ही जागा अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते. अकुतागावाच्या कथांवर उभा राहिलेला हा जपानी चित्रपट या गावात रुजला असेल तर तो रिकाम्या जमिनीत रुजला नाही. ती जमीन आधीच नांगरलेली होती. चूक एवढीच होत आली की, शहरी अभिजनांनी या पूर्वतयारीला 'शिक्षण' म्हणून कधी मोजले नाही.

या यशातून नीनासम्‌चे काम वाढत गेले. गावातच रसास्वाद शिबिरे भरू लागली आणि बहादूर, नायर यांच्यासारखी माणसे त्यासाठी पुण्याहून येऊ लागली. ही वाट दुहेरीही होती. मलनाडमध्येच जन्मलेले गिरीश कासारवल्ली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले आणि अनंतमूर्तींच्या कथेवरचा त्यांचा 'घटश्राद्ध' १९७७ मध्ये आला. ऐंशीच्या दशकात फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने 'जनस्पंदन' हा उपक्रम झाला आणि चित्रपट व नाटक यांची शिबिरे कर्नाटकातील इतर गावांत गेली. १९८० मध्ये नाट्यशिक्षणाची संस्था, १९८५ मध्ये 'तिरुगाट' ही फिरती नाटकमंडळी सुरू झाली. १९९० च्या सुमारास रसास्वाद शिबिराचे रूपांतर सर्व कलांना कवेत घेणाऱ्या वार्षिक संस्कृती शिबिरात झाले. १९९१ मध्ये सुब्बण्णांना रामोन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये ते निवर्तले.

या इतिहासाकडे भारावून पाहण्याचा मोह टाळला पाहिजे. काही आक्षेप गंभीर आहेत. हेग्गोडू हे भारतातील कोणतेही खेडे नाही. सुपारीचे उत्पन्न, हव्यक ब्राह्मण बागायतदारांमधील शिक्षणाची परंपरा आणि त्यांच्याकडे असलेला थोडा मोकळा वेळ यांवर या कार्याचा पाया उभा होता. पडद्यासमोर सर्व थरांतील माणसे बसू शकली तरी पडदा कोठे लावायचा आणि त्यावर काय दाखवायचे हे कोण ठरवीत होते, हा प्रश्न उरतोच. दुसरे असे की, एका असामान्य व्यक्तीच्या आयुष्यभराच्या निष्ठेवर उभ्या राहिलेल्या उदाहरणाला नियम म्हणता येत नाही. आणि तिसरे, चित्रपट हे अखेर नीनासम्‌चे मुख्य अंग राहिले नाही. नाटकाने आणि संस्कृती शिबिराने ती जागा घेतली. हे सर्व मान्य करावे लागते. मात्र या आक्षेपांनी मूळ मुद्दा खोडला जात नाही. इंग्रजी न जाणणारा ग्रामीण प्रेक्षक अभिजात सिनेमा पाहू शकत नाही, हे विधान एका गावापुरते जरी खोटे ठरले, तरी ते नियम म्हणून उरत नाही. मग अन्यत्र ते खरे का वाटत आले, याची जबाबदारी प्रेक्षकावर न टाकता दाखवणाऱ्यावर टाकावी लागते.

सुब्बण्णांच्या उत्तरायुष्यातील एका चिंतनाचा येथे उल्लेख केला पाहिजे. नवव्या शतकात राष्ट्रकूटांच्या दरबारात रचल्या गेलेल्या 'कविराजमार्ग' या कन्नड ग्रंथावर त्यांनी लिहिले आहे. कावेरीपासून गोदावरीपर्यंतचा प्रदेश ही कन्नडभूमी, असे त्या ग्रंथात सांगितले आहे आणि त्यावरून आपल्याकडे अधूनमधून सीमावादाच्या तलवारी परजल्या जातात. सुब्बण्णांना त्यात दिसले ते वेगळेच. एखादी देशी भाषा संस्कृतसारख्या विश्वभाषेशी बोलते, तिच्याकडून घेते आणि तरीही स्वतःचे जग उभारते, या प्रक्रियेत त्यांना रस होता. हेग्गोडूचा पडदा याच विचाराचे दृश्य रूप म्हणता येईल. रोम आणि क्योटो तेथे आले, कन्नडशी बोलले आणि कन्नड जगाचा भाग झाले.

मराठीपुरते बोलायचे तर आपल्याला हा इतिहास अस्वस्थ करणारा आहे. रिळे आपल्या दारात होती. संग्रहालय पुण्यात, फिल्म इन्स्टिट्यूट पुण्यात, तीही प्रभातच्या जुन्या आवारात. मराठीतून रसास्वाद शिबिरे झाली, महाविद्यालयांत फिल्म सोसायट्या काढण्याचा ध्यास नांदगावकरांनी घेतला, पुण्यात 'आशय'सारख्या संस्थेने चिकाटीने काम केले. तरीही आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाचे नाव हेग्गोडूसारखे घेता येईल अशी स्थिती नाही. भारूड, दशावतार, कीर्तन आणि तमाशातील सवालजवाब ऐकत वाढलेला प्रेक्षक आपल्याकडेही होता. सवालजवाबाचा श्रोता काय आणि ताळमद्दळेचा श्रोता काय, दोघांनाही दोन्ही बाजू तोलण्याची सवय आहे. त्याच्यासमोर पडदा लावून मराठीत चार शब्द बोलणारा माणूस मात्र पुरेशा ठिकाणी उभा राहिला नाही.

आज चित्रपट दुर्मीळ नाहीत. ज्या 'राशोमोन'साठी एकेकाळी पत्र्याच्या डब्याची वाट पाहावी लागे, तो आता विद्यार्थ्याच्या खिशातल्या फोनवर आहे. म्हणून फिल्म सोसायटीची गरज संपली, असे सांगितले जाते. सोसायटीचे काम केवळ रिळे आणण्याचे असते तर हे खरे ठरले असते. पण हेग्गोडूतले काम रीळ येऊन पोहोचल्यानंतर सुरू होत होते. चित्रपट निवडणे, त्याची आपल्या भाषेत ओळख करून देणे, तो एकत्र बसून पाहणे आणि दिवे लागल्यावर उठून न जाता त्याविषयी बोलणे, ही चार कामे कोणतेही यंत्र आपल्यासाठी करत नाही. भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्या अध्यापकाला ती चारही येतात; कवितेच्या बाबतीत तो रोज तेच करत असतो.

शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा पी. के. नायर यांच्यावरील 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात हेग्गोडूचे ग्रामस्थ नायर यांनी आणलेल्या चित्रपटांच्या आठवणी सांगताना दिसतात. मध्ये काही दशके उलटून गेली आहेत. त्यांच्यापैकी कोणी समीक्षक झालेला नाही, दिग्दर्शकही झालेला नाही. सुपारी पिकवणारी ही माणसे कुरोसावाविषयी बोलतात तेव्हा ती आपल्या परिचयातल्या कोणाविषयी बोलावे तशी, आपल्या भाषेत, सहजपणे बोलतात. चळवळीच्या यशाचा हिशेब मांडताना सभासदसंख्या आणि महोत्सवांच्या याद्या यांच्या शेजारी या बोलण्याचीही नोंद व्हायला हवी.